चार वर्षं आधी थांबलेलं उड्डाण

विमानाचा शोध कोणी लावला असं विचारलं, तर तुम्ही झोपेतही राइट बंधूंचं नाव सांगाल. बरोबरच आहे ते. पण त्यांच्या चार वर्षं आधी एक बत्तीस वर्षांचा इंजिनीअर स्वतः बांधलेलं इंजिनाचं विमान घेऊन उडायला निघाला होता, हे ठाऊक आहे का? त्याचं नाव पर्सी पिल्चर.

पर्सीचा जन्म 1867चा, इंग्लंडमधल्या बाथ गावचा. तेराव्या वर्षी तो नौदलात भरती झाला. ते सोडून ग्लासगोत जहाजबांधणी शिकला आणि तिथल्याच विद्यापीठात शिकवू लागला. पगार जहाजांचा, पण डोक्यात मात्र पंख! 1895 मध्ये त्याने ‘बॅट’ नावाचं पहिलं ग्लायडर बांधलं. पंखांचं कापड शिवायला बहीण एला मदतीला होती. क्लाइड नदीजवळच्या एका शेतात दोघांचे प्रयोग चालत.

त्या काळात ग्लायडिंगचा बादशहा म्हणजे जर्मनीचा ओटो लिलिएंथाल. पर्सी थेट त्याला जाऊन भेटला. ग्लायडरला मागे आडवं शेपूट हवंच, हे तिथे त्याला कळलं आणि पुढे त्याने ते बसवलंही. 1896 मध्ये लिलिएंथाल ग्लायडर कोसळूनच गेला. हा खेळ जिवावर बेततो, हे पर्सीला त्यानंतर वेगळं सांगायची गरज नव्हती. तरी तो थांबला नाही. त्याच वर्षी त्याचं ‘हॉक’ तयार झालं आणि 1897 मध्ये त्यातून त्याने सुमारे अडीचशे मीटरची झेप घेतली.

आता पुढची पायरी होती इंजिन. पण इथे एक चक्रव्यूह होता. इंजिनाचं वजन पेलायला पंख मोठे हवेत. पंख मोठे केले की वजन वाढतं, आणि मग इंजिन आणखी ताकदीचं लागतं! तोडगा निघाला तो एकावर एक तीन छोटे पंख रचण्याचा. या ट्रायप्लेनसाठी त्याने चार हॉर्सपॉवरचं इंजिनही तयार केलं.

30 सप्टेंबर 1899. स्टॅनफर्ड हॉलच्या मैदानावर पाहुणे जमले होते. नेमका काही दिवस आधी इंजिनाचा क्रँकशाफ्ट तुटलेला. त्यात पाऊस. आलेल्यांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून पर्सी भिजलेलं हॉक घेऊनच उडाला. हवेत शेपूट मोडलं आणि तो खाली कोसळला. 2 ऑक्टोबरला त्याने प्राण सोडला. ट्रायप्लेन जमिनीवरच राहिलं.

राइट बंधूंचं विमान उडालं ते 17 डिसेंबर 1903ला. त्या दिवसाची सगळ्यात मोठी भरारी होती 59 सेकंदांची. शंभर वर्षांनी, 2003 मध्ये, क्रॅनफील्ड विद्यापीठाच्या मदतीने पर्सीच्या ट्रायप्लेनची प्रतिकृती बांधली गेली. सुरक्षिततेसाठी काही बदल करावे लागले, पण ती उडाली, आणि 1 मिनिट 26 सेकंद हवेत राहिली! म्हणून पर्सी पहिला ठरत नाही. त्याची कल्पना हवेतली नव्हती, एवढं मात्र नक्की कळतं.

आता गंमत बघा. मूळ ट्रायप्लेन आज कुठेच नाही. ज्याने जीव घेतला ते मोडकं हॉक मात्र कोणी भंगारात टाकलं नाही. ते दुरुस्त करून जपलं गेलं आणि आज एडिनबराच्या नॅशनल म्युझियम ऑफ स्कॉटलंडमध्ये आहे. एलाच्या भावाची आठवण टिकली ती अशी, एका फसलेल्या यंत्रामुळे.

तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्येही न चाललेली मॉडेल्स कोपऱ्यात पडलेली असतील. सेमिस्टर संपलं की ती रद्दीत जातात. या वेळी एक करा. फेकण्याआधी फोटो काढा, आकृती जपून ठेवा, आणि नेमकं काय बिघडलं ते तारखेसकट लिहा. पुढच्या बॅचमधला कुणीतरी तिथूनच सुरुवात करेल.