आचार्य धर्मानंद कोसंबी : शांतीच्या वाटेचा साधक

आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण त्यांना फार थोडे लाभले. तारुण्याचा काळ नारळीच्या बागायतीत, संसाराच्या विवंचनेत आणि मनाच्या उद्विग्नतेत चालला होता. अशा दिवसांत ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले. अशांत मनाला त्यात आधार सापडला आणि बुद्धाच्या शिकवणीची मुळातून ओळख करून घेण्याचा ध्यास लागला.

१८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. त्यांच्या या शोधाचे मोल कुटुंबानेही दिले, हे विसरून चालणार नाही. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. नेपाळमार्गे फिरून १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपात पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी दीक्षा घेतली व पालीचे शिक्षण घेतले. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी ध्यानसाधनाही केली.

बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा त्यांचा आयुष्यभराचा सोबती ठरला. शील, समाधी आणि प्रज्ञा या क्रमाने चित्तशुद्धीचा मार्ग सांगणाऱ्या या ग्रंथात ध्यानाची ४० कर्मस्थाने आहेत. साधकाचा स्वभाव पाहून त्यांची निवड करावयाची असते. ज्याचे मन तर्कवितर्कांत भरकटते त्याच्यासाठी श्वासोच्छ्वासाची स्मृती. श्रद्धावंतासाठी बुद्ध, धम्म, संघ यांच्या गुणांचे अनुस्मरण. हे अनुस्मरण म्हणजे घाईचा जप नव्हे. एकांतात बसून एकेक गुण क्रमाने मनात आणावयाचा आणि त्याच्या अर्थावर चित्त ठेवावयाचे. तेवढा वेळ लोभ, द्वेष व मोह मनाला ग्रासत नाहीत. प्रीती उपजते, देह व चित्त शांत होतात आणि समाधीला वाट मिळते.

या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीसाठी १९१० मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. संपादनाच्या श्रेयावरून मतभेद झाले व १९१२ मध्ये ते परतले. पण काम सोडले नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविल्यानंतर ते पुन्हा अमेरिकेत गेले आणि तेच काम हाती घेतले. ती आवृत्ती प्रसिद्ध झाली १९५० मध्ये, त्यांच्या निधनानंतर.

त्यांची शांती जगापासून दूर राहणारी नव्हती. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले. पुढे मुंबईत परळच्या श्रमिक वस्तीत त्यांनी बहुजनविहार उभा केला. अखेर जीर्ण झालेला देह त्यांनी सेवाग्राम येथे अन्नत्यागाने ४ जून १९४७ रोजी शांतपणे ठेवला.

बुद्धचरित्र वाचून क्षणभर भारावणारे पुष्कळ असतात. कोसंबींनी त्या एका विचाराकडे जन्मभर, रोज, क्रमाने लक्ष दिले. वसतिगृहात पहाटे वंदनेला बसणाऱ्या आपल्या मुलामुलींना याहून मोलाची शिदोरी कोणती द्यावी?