कुस्ती कोणी सोडवायची? : खाशाबा जाधव यांचे चरित्र

तांबड्या मातीच्या मैदानात एक जुना शब्द रूढ आहे, कुस्ती सोडवणे. दोन तुल्यबळ मल्ल घामाने निथळत असतात, डाव-प्रतिडाव सरत आलेले असतात आणि कुणाचीच पाठ मातीला लागण्याची चिन्हे नसतात. तेव्हा पंच पुढे होतात आणि कुस्ती बरोबरीत सोडवतात. प्रेक्षक ओरडतात, कारण त्यांना निकाल हवा असतो. पण पंचाला मल्लाचा जीव दिसतो. लढत कशी लावावी हे पुष्कळांना कळते. ती केव्हा थांबवावी हे फार थोड्यांना. मुष्टियुद्धात तर हा प्रश्न जीवन-मरणाचाच असतो. या प्रश्नाच्या प्रकाशात स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या कै. खाशाबा जाधव यांचे चरित्र पुन्हा वाचण्याजोगे आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः नामांकित पैलवान. त्यामुळे कुस्तीचे बाळकडू घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण चालू असता १९४२ ची चळवळ पेटली आणि या शाळकरी पोराने भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामी हातभार लावला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते दाखल झाले. बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली त्यांची तालीम झाली. अंगाने ते लहानखुरे. परंतु चपळाई अशी की भारी मल्लांचीही तारांबळ उडावी. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले, तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. आजवर मातीत लढलेल्या या तरुणाला तेथे प्रथमच मॅटवर उतरावे लागले. मातीतली कुस्ती निकाली, तर मॅटवरची घड्याळाच्या काट्यावर चालणारी आणि गुणांनी तोलली जाणारी. नियम परके आणि भाषाही परकी. तरीही सर्वांत हलक्या, म्हणजे फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तेथे मॅटवरच्या कुस्तीचे धडे दिले. हरलो याचे दुःख करीत न बसता खाशाबांनी परतल्यावर पुढील चार वर्षे याच नव्या विद्येच्या मागे घालवली आणि वजनाचा गटही बदलला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वाट मात्र सरळ नव्हती. निवडीच्या वेळी गुणांच्या निकालात आपल्यावर अन्याय झाला असे त्यांना वाटले. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती जिंकून खाशाबांनी आपली जागा मिळवली. वाचकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. येथे दाद मागायला एक दार होते आणि ते उघडले.

निवड झाली, पण पैसा कोठून आणावा? गोळेश्वरच्या आणि कराडच्या लोकांनी वर्गणी काढली, तेवढ्याने भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका विद्यार्थ्यासाठी प्राचार्याने घर गहाण टाकावे, ही गोष्ट प्रत्येक कॉलेजच्या भिंतीवर कोरून ठेवावी अशी आहे.

हेलसिंकीत ५७ किलोच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना पराभूत केले. नंतर गाठ पडली जपानच्या शोहाची इशी याच्याशी. ही कुस्ती पंधरा मिनिटांच्या वर चालली. दोघेही चिवट, अखेरीस निकाल इशीच्या बाजूने गेला. खाशाबांच्या अंगातले त्राण संपले होते. आणि लगेच त्यांना पुढच्या कुस्तीसाठी पुकारण्यात आले! समोर होता सोव्हिएत संघाचा ताजातवाना रशीद मम्मादबेयोव्ह. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. परंतु तो नियम दाखवून पंचांना थांबवायला, तक्रार नोंदवायला त्या क्षणी एकही भारतीय अधिकारी मॅटशेजारी हजर नव्हता. दमलेला खाशाबा एकटाच उतरला आणि हरला. दिवस होता २३ जुलै १९५२. इशीला सुवर्ण, मम्मादबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले.

विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता की नाही, हा वाद व्यर्थ आहे. दुखरी बाब निराळीच आहे. मल्लाच्या शरीराचे रक्षण करणारा नियम कागदावर होता, आणि तो उच्चारणारे तोंड तेथे नव्हते. खाशाबा स्वतः का बोलले नाहीत, असे कोणी विचारील. ज्याने निवडीच्या वेळी महाराजांपर्यंत धाव घेतली, तो बोलायला भिणारा नव्हता. पण पुकारा झाल्यावर मागे सरणे हे मल्लाच्या रक्तातच नसते. म्हणूनच थांबण्याचा निर्णय लढणाऱ्यावर सोडायचा नसतो.

मुष्टियुद्धाच्या रिंगणातील एक घटना हेच सांगते. २४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथ आणि बेनी पॅरेट यांची लढत चालली होती. रेफरी होते रूबी गोल्डस्टीन, अनुभवी आणि नावाजलेले. १९५९ साली पॅटरसन सात वेळा खाली पडल्यावर जोहान्सनबरोबरची त्याची लढत तिसऱ्याच फेरीत थांबवणारे तेच गोल्डस्टीन. परंतु पॅरेट बाराव्या फेरीत कोपऱ्यात दोरांना अडकला. दोरांमुळे त्याला खाली पडताही येईना, आणि ठोशांवर ठोसे बसत राहिले. गोल्डस्टीन मध्ये पडले, पण काही क्षण उशिरा. पॅरेट शुद्धीवर आला नाही. ३ एप्रिलला त्याचा मृत्यू झाला. चौकशीत रेफरी निर्दोष ठरले, तरी रिंगणातील त्यांची कारकीर्द जवळजवळ तेथेच संपली. मुष्टियोद्धा उभा आहे की पडला आहे, एवढेच पाहून भागत नाही. तो स्वतःचा बचाव करू शकतो का, हे पाहायचे असते. हात खाली आले, नजर हरवली, ठोशाला प्रत्युत्तर येईनासे झाले, की रेफरीने प्रेक्षकांची, पैजांची आणि स्वतः योद्ध्याचीही पर्वा न करता मध्ये उभे राहावे. लवकर थांबवलेली लढत पुन्हा लावता येते. उशिरा थांबवलेलीला दुसरी संधी नसते.

हेलसिंकीहून परतलेल्या खाशाबांचे कराडला बैलगाड्यांच्या मिरवणुकीने स्वागत झाले. सत्काराचे हार सुकण्यापूर्वीच त्यांनी कुस्त्यांचे फड लढवून पैसा जमवला आणि प्राचार्यांचे घर सोडवले. पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे ऑलिंपिक हुकले. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि सुमारे सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. लिअँडर पेसने ते टेनिसमध्ये मिळवले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार लाभला, तो मृत्यूनंतर दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यावर. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. ज्याच्या बाजूने बोलायला मॅटशेजारी माणूस नव्हता, त्याच्या नावाचा उच्चार आता प्रत्येक मोठ्या स्पर्धेत होतो.

सदरमधल्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना कोल्हापूर लांब आणि हेलसिंकी त्याहून लांब. परंतु आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना आपलेही संघ जातात. संघाबरोबर जाणाऱ्या व्यवस्थापकाचे काम गाडीभाड्याचा हिशेब आणि चहा-फराळ यांवर संपत नाही. नियमांचे पुस्तक त्याला पाठ हवे, आणि आपला खेळाडू दमला, जखमी झाला, तर भर मैदानात उठून पंचाला थांबवण्याची छाती हवी. खेळाडू तसे स्वतः म्हणणार नाही. त्याला हार मानणे लाजिरवाणे वाटते. त्याच्यासाठी उभा राहणारा कोणी तरी असावा लागतो. खर्डीकर सरांनी घर गहाण ठेवून आपल्या विद्यार्थ्याला हेलसिंकीपर्यंत पोचवले. तेथे मॅटशेजारी उभे राहून पंचांना अर्धा तास थांबा एवढे सांगणारा एक माणूस मात्र मिळाला नाही. अशी माणसे कॉलेजांतूनच तयार व्हायला हवीत.