गर्विष्ठ योद्धा ते प्रभूचा यात्रेकरू : संत इग्नेशियस लोयोला
(सण : ३१ जुलै)



आषाढवारीत ज्ञानेश्वर माऊलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि नातेपुते येथे मुक्कामास थांबते. खांद्यावर पताका घेऊन निघालेल्या त्या समुदायात मोठा कोण आणि लहान कोण हे ओळखू येत नाही. पायी चालणाऱ्यास मानमरातबाचे ओझे पेलवत नाही. पावसाळ्याच्या याच दिवसांत ख्रिस्तसभा एका अशा संताचा सण साजरा करते, ज्यांनी आपली जीवनकथा सांगताना स्वतःचा उल्लेख यात्रेकरू असाच केला. मात्र यात्रेकरू होण्यापूर्वी ते मानासाठी जीव देणारे योद्धे होते.

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनमधील बास्क प्रांतात, लोयोलाच्या गढीत एका सरदार घराण्यात झाला. तेरा भावंडांत ते धाकटे. उंची वस्त्रे, तलवारबाजी आणि कीर्ती यांतच त्यांचे मन रमे. १५२१ साली फ्रेंच सैन्याने पाम्पलोनाच्या किल्ल्यास वेढा घातला. शत्रूचे बळ पाहून इतरांनी शरण जाण्याचा विचार केला, परंतु इग्नेशियस यांनी सर्वांना लढण्यास भाग पाडले. २० मे रोजी तोफगोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला, डावाही जखमी झाला आणि किल्ला पडला.

पाय मोडला, पण गर्व मोडला नाही. हाड वेडेवाकडे जुळून गुडघ्याखाली उंचवटा राहिला, तेव्हा दरबारी बूट नीट बसावेत एवढ्यासाठी त्यांनी ते हाड कापून घेतले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. तरीही पाय आखूडच राहिला.

अंथरुणावर असताना त्यांनी शौर्यकथांची पुस्तके मागितली. घरात होते फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. तीच वाचता वाचता त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. दरबारी पराक्रमाची स्वप्ने क्षणभर सुखावतात आणि मागे मन कोरडे ठेवतात. प्रभूसाठी जगण्याचा विचार मात्र ओसरल्यावरही शांती टिकून राहते. महादूत मिखाएल आणि सैतान यांच्यातील स्वर्गीय युद्धाविषयी आपण प्रकटीकरणाच्या पुस्तकात वाचतो. ते युद्ध आपल्याच अंतःकरणात चालू आहे, हे या सैनिकाला रुग्णशय्येवर उमगले.

१५२२ सालच्या मार्च महिन्यात माँसेरात येथे त्यांनी आपली भरजरी वस्त्रे एका भिकाऱ्यास दिली, पवित्र मरियेच्या वेदीसमोर रात्रभर जागरण केले आणि आपली तलवार तेथेच ठेवली. परंतु गर्व इतक्या सहजी हार मानत नाही. तो वेष बदलतो. संत फ्रान्सिस व संत डॉमिनिक यांनी केले ते आपणही करून दाखवू, या ईर्षेने त्यांनी मान्रेसा येथे कठोर उपास केले आणि केस-नखे वाढू दिली. केलेल्या पापांची पुनःपुन्हा कबुली देऊनही मनाला स्वस्थता मिळेना. जीव द्यावा, असा मोहही त्यांना झाला. अखेर स्वबळाचा आधार सुटला आणि देवाच्या दयेने त्यांना सावरले. मग त्यांनी केस-नखे कापली, अतिरेक सोडला आणि ते लोकांच्या सेवेकडे वळले.

या अनुभवांतून त्यांची ‘आध्यात्मिक साधना’ आकारास आली. तिच्यातील एका मननात दोन पताका समोरासमोर उभ्या आहेत. सैतान माणसाला आधी धनाचा, मग मानाचा लोभ दाखवून शेवटी गर्वात लोटतो. ख्रिस्त मात्र दारिद्र्य व अपमान यांच्या वाटेने नम्रतेकडे नेतो. त्या वाटेने इग्नेशियस स्वतः चालले. १५२३ साली ते येरुशलेमला पोहोचले. तेथेच राहण्याचा त्यांचा निर्धार होता, परंतु तेथील धर्माधिकाऱ्यांनी आज्ञा देताच ते परतले. तिशी उलटल्यावर बार्सेलोनात ते लहान मुलांसोबत बसून लॅटिन शिकले.

पुढे पॅरिसमध्ये संत पीटर फेबर व संत फ्रान्सिस झेवियर हे त्यांचे सोबती झाले. १५३४ साली सात मित्रांनी माँमार्त्र येथे व्रते घेतली. १५४० साली पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघास मान्यता दिली. १५४२ साली झेवियर गोव्यात उतरले. मराठीतून ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हेही याच संघाचे.

अवघ्या जगाची वाट तुडवू पाहणारे इग्नेशियस अखेरची वर्षे रोममधील एका लहानशा खोलीत पत्रे लिहीत, संघाचा कारभार पाहत राहिले. ३१ जुलै १५५६ रोजी त्यांचे निधन झाले आणि १६२२ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले.

बंधुभगिनींनो, आपल्या घरात आणि धर्मग्रामात होणारे वाद बहुधा श्रद्धेवरून नसतात. ते मानावरून असतात. मिरवणुकीत पुढे कोण, फलकावर नाव कोणाचे, आधी कोणी बोलायचे? अशा वेळी आपल्या खांद्यावर कोणती पताका आहे, हे पाहावे. तलवार खाली ठेवण्यास संत इग्नेशियस एका रात्रीत तयार झाले. गर्व खाली ठेवण्यास मात्र त्यांना पुढचे सारे आयुष्य चालावे लागले. त्यांच्या मध्यस्थीने आपणांसही त्या वाटेवर पहिले पाऊल टाकण्याची कृपा लाभो.