ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या काठचा मुलूख मल्लविद्येसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. या भागात गाव कितीही लहान असले, तरी तेथे एखादी तालीम असावयाचीच. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना उदार आश्रय दिला आणि खासबागेचे विशाल मैदान बांधून कुस्तीला राजमान्यतेबरोबर लोकमान्यताही मिळवून दिली. याच मातीत घडलेल्या एका मल्लाने पुढे फिनलंडसारख्या दूरच्या देशात स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. त्या मल्लाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. वडिलांचे बोट धरून ते अगदी बालवयातच आखाड्यात उतरले. पहाटे उठावे, जोर-बैठका काढाव्यात, हौदातील लाल माती खणून मऊ करावी आणि जोडीदाराशी झटावे, हा क्रम त्या घरात देवपूजेइतकाच नेमाने चाले. अंगाने खाशाबा थोराड नव्हते. उंची बेताची आणि बांधा आटोपशीर होता; परंतु चपळाई विलक्षण होती आणि दम न संपणारा होता.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे माध्यमिक शिक्षण झाले. ते विद्यार्थी असतानाच १९४२ चे छोडो भारत आंदोलन सुरू झाले. सातारा जिल्हा तर या आंदोलनाचे मोठेच केंद्र होता. त्या धामधुमीत तरुण खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना साहाय्य केले. पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांना चांगले मार्गदर्शक लाभले आणि आंतरमहाविद्यालयीन कुस्त्यांत त्यांचे नाव गाजू लागले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला कव घालून त्याला क्षणार्धात फेकून देण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच होते.

आपल्याकडील जत्रेच्या फडात कुस्ती लावण्याची रीत निराळी असे. गावातील जाणती माणसे दोन मल्लांना समोरासमोर उभे करीत, त्यांचे वय, अंगलट आणि पूर्वीच्या कुस्त्या पाहून जोड ठरवीत. तेथे तराजूला स्थान नव्हते. जाणत्यांची नजर हाच काटा. कुस्तीला घड्याळाचेही बंधन फारसे नसे. एकाची पाठ मातीला लागली की निकाल झाला. ऑलिंपिकमधील कुस्तीचा कायदा मात्र वेगळा होता. तेथे मातीऐवजी गादी होती, वेळेची मर्यादा होती, चितपट न झाल्यास गुणांवर निर्णय होता आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मल्लाला वजन करवून घेतल्यावाचून गादीवर पाऊल ठेवता येत नव्हते.

हे वजनगट करण्यामागील हेतू सरळ आहे. दोन मल्लांचे कौशल्य सारखे असेल, तर ज्याचे वजन अधिक तो दुसऱ्याला सहज दाबून टाकील. मग हलक्या बांध्याच्या माणसाने कितीही विद्या संपादन केली तरी ती व्यर्थच ठरावयाची. हा अन्याय टाळण्यासाठी समान वजनाच्या मल्लांचे गट पाडलेले असतात. खाशाबांच्या काळी ऑलिंपिकमध्ये असे आठ गट होते. पहिला ५२ किलोग्रॅमपर्यंतचा, दुसरा ५७ पर्यंतचा, तिसरा ६२ पर्यंतचा, आणि याप्रमाणे चढत जाऊन अखेरचा ८७ किलोग्रॅमहून अधिक वजनाच्या मल्लांचा. पहिल्या गटाला फ्लायवेट, म्हणजे माशीच्या वजनाचा, असे गमतीदार नाव होते. दुसऱ्याला बँटमवेट म्हणत. बँटम ही कोंबड्यांची एक लहानखुरी पण लढाऊ जात आहे.

१९४८ मध्ये लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला आणि खाशाबा ५२ किलोग्रॅमच्या गटात लढण्यासाठी विलायतेस गेले. किलोग्रॅम हे माप त्या काळी आपल्या बाजारात रूढ नव्हते. दशमान वजनांचा कायदा भारतात १९५६ साली झाला आणि त्याची अंमलबजावणी ऑक्टोबर १९५८ पासून सुरू झाली. तोपर्यंत आपल्याकडे मण, शेर आणि छटाक चालत; इंग्रजांच्या देशात माणसाचे वजन स्टोन आणि पौंड यांत सांगत. तेव्हा एकाच मल्लाचे वजन तीन ठिकाणी तीन आकड्यांत सांगावे लागे. एक किलोग्रॅम म्हणजे सुमारे २.२०५ पौंड आणि चौदा पौंडांचा एक स्टोन. या हिशेबाने ५२ किलोग्रॅम म्हणजे ११४ पौंड १० औंस, अर्थात् ८ स्टोन आणि अडीच पौंडांहून थोडे अधिक. आपला ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर ९३३ ग्रॅमचा असे. म्हणून तेच वजन आपल्या मापाने १ मण आणि पावणेसोळा शेर भरे.

अशा हिशेबात ढोबळपणा चालत नाही. शेर आणि किलोग्रॅम जवळजवळ सारखेच आहेत असे मानून कोणी ५५ शेर वजनाच्या मल्लाला तीन शेर उतरविण्यास सांगितले, तर तो बिचारा वृथा उपाशी राहील. कारण त्याचे खरे वजन साडेएक्कावन्न किलोग्रॅमहूनही कमी आहे. उलट एक किलोग्रॅम म्हणजे दोनच पौंड असे धरले, तर ५२ किलोग्रॅमची मर्यादा १०४ पौंडांवर येईल आणि मल्लाची दहा पौंडांहून अधिक शक्ती विनाकारण गमावली जाईल. बाजारात तोळामासा इकडेतिकडे झाला तर व्यापाऱ्याचे चार पैसे जातात. स्पर्धेत तेवढ्याच चुकीने अनेक वर्षांची तपश्चर्या वाया जाऊ शकते.

लंडनमध्ये गादीवरील कुस्ती आणि तिचे नियम ही दोन्ही खाशाबांना नवी होती. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना थोड्याशा अवधीत होईल तेवढे शिकविले. पहिल्याच लढतीत खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच नमविले, तेव्हा प्रेक्षक चकित झाले. पाठोपाठ अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही त्यांनी हरविले. परंतु इराणच्या मन्सूर रईसीपुढे त्यांचा निभाव लागला नाही आणि त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. मातीत वाढलेल्या नवख्या मल्लाला हे यश कमी नव्हते. पण खाशाबा त्यावर संतुष्ट राहिले नाहीत. आपण कोठे उणे पडलो हे त्यांनी नेमके हेरले आणि पुढील चार वर्षे ते उणेपण भरून काढण्यात घालविली.

या वेळी त्यांनी वरच्या, म्हणजे ५७ किलोग्रॅमच्या गटात उतरावयाचे ठरविले. दोन गटांतील अंतर पाच किलोग्रॅमचे, म्हणजे सुमारे अकरा पौंडांचे. ऐकण्यास हे अल्प वाटते; परंतु वरच्या गटातील प्रतिस्पर्धीही तितकेच वजनदार असतात. म्हणून अंगावर नुसती चरबी चढवून भागत नाही. वाढलेले वजन बळाचे असावे लागते. त्याचबरोबर मर्यादा ओलांडूनही चालत नाही. माणसाचे वजन दिवसभर एकसारखे नसते. एक लिटर पाणी प्यायले की काटा तत्काळ एक किलोग्रॅमने वर जातो, आणि घाम गेला की तो खाली येतो. यासाठी जाणता खेळाडू रोज सकाळी, काही खाण्यापिण्यापूर्वी, एकाच काट्यावर आणि हलक्या वस्त्रांत वजन करतो व त्याची नोंद ठेवतो. एखाद्या दिवसाच्या आकड्यापेक्षा आठवडाभराच्या नोंदी त्याला खरी स्थिती सांगतात.

काही मल्ल आयत्या वेळी पाणी तोडून आणि घाम गाळून वजन उतरवितात. हा मार्ग घातक होय. पाण्यावाचून रक्त दाट होते, हृदयावर ताण पडतो आणि ज्या बळासाठी सारा खटाटोप केला तेच ओसरते. १९९७ मध्ये अमेरिकेत अशा प्रयत्नांपायी तीन महाविद्यालयीन मल्लांना प्राण गमवावे लागले आणि त्यानंतर तेथील नियम बदलण्यात आले. काट्याचा कायदा किती कठोर असतो, हे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही सर्वांनी पाहिले. अंतिम फेरीत पोहोचलेल्या विनेश फोगाट हिचे वजन ५० किलोग्रॅमच्या मर्यादेपेक्षा केवळ १०० ग्रॅम अधिक भरले आणि ती स्पर्धेतून बाद ठरली.

खाशाबांची तयारी चांगली होती, पण मार्गात दुसरेच अडथळे उभे राहिले. १९५२ च्या ऑलिंपिकसाठी झालेल्या निवडीत आपल्यावर अन्याय झाला असे त्यांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली, तेव्हा खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट करून आपला अधिकार सिद्ध केला. निवड झाली, पण हेलसिंकीला जाण्यास द्रव्य कोठून आणावयाचे? सरकारदरबारी पुरेसे साहाय्य मिळेना. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी यथाशक्ती वर्गणी जमविली. तरीही रक्कम अपुरी पडली. त्या वेळी राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या गुणांवर एवढा विश्वास टाकणारा गुरू क्वचितच आढळेल.

जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीत बँटमवेट गटाच्या मुक्त शैलीच्या कुस्त्या झाल्या. काट्याची परीक्षा खाशाबांनी पार केली आणि मग गादीवरची परीक्षा सुरू झाली. कॅनडाचा पॉलीकिन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ अशा तिघांना त्यांनी हरविले. पुढे त्यांची गाठ जपानच्या शोहाची इशीशी पडली. ती झुंज पंधरा मिनिटे चालली आणि अटीतटीच्या लढतीत इशी विजयी झाला. सोव्हिएत रशियाच्या रशीद मामदबेयोव्हशीही त्यांना लढावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडावयास कोणी भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, अशी हकीकत सांगितली जाते. थकलेल्या खाशाबांना ती कुस्ती गमवावी लागली. इशीला सुवर्ण, मामदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. त्याच स्पर्धेत ६२ किलोग्रॅमच्या गटात कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

हॉकीच्या संघाने भारताला सुवर्णपदके मिळवून दिली होती. परंतु एकट्याच्या बळावर पदक मिळविणारा स्वतंत्र भारताचा पहिला खेळाडू होण्याचा मान खाशाबांना लाभला. यानंतर असे दुसरे पदक भारताला मिळण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली. ते १९९६ मध्ये लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळविले. कुस्तीतील पुढचे पदक तर २००८ मध्ये सुशीलकुमार यांच्या रूपाने आले.

खाशाबा परतले, तेव्हा कऱ्हाड परिसरातील जनतेच्या आनंदाला पारावार उरला नाही. शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. ढोल-लेझीम आणि गुलाल यांनी सारा रस्ता दुमदुमला. थोड्याच अंतराचे गोळेश्वर गाठण्यास मिरवणुकीला कित्येक तास लागले.

परंतु या जयघोषात खाशाबांना एका गोष्टीचा विसर पडला नाही. प्राचार्यांचे घर अद्याप गहाण होते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः कुस्त्या जिंकल्या आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचे घर सोडवून दिले. पदकाच्या धातूची किंमत कोणीही सांगू शकेल. ज्या हाताने आपल्याला पुढे नेले त्याचे ऋण प्रथम फेडावे, ही बुद्धी मात्र थोरामोठ्यांनाही सहज साधत नाही.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. खात्यातील स्पर्धांत त्यांनी यश मिळविले आणि तरुणांना कुस्तीचे शिक्षणही दिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची स्वप्ने गुडघ्याच्या दुखापतीमुळे विरून गेली. प्रदीर्घ सेवेनंतर ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. उत्तरायुष्यात त्यांना आर्थिक ओढाताण सोसावी लागली आणि त्यांच्या कर्तृत्वाला साजेसा सन्मानही वेळेवर लाभला नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी एका रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर मात्र देशाला त्यांची आठवण झाली. २००० साली त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव देण्यात आले, आणि १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचे महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ठरविले.

काट्यावर उभे राहिलेल्या खाशाबांचे वजन फार तर सत्तावन्न किलोग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापाने एक मण आणि एकवीस शेर होते. शेतकऱ्याच्या घरातील साधे अन्न, वडिलांनी लावलेली शिस्त, गावकऱ्यांची वर्गणी आणि गुरूंचा विश्वास यांच्या आधारावर त्यांनी देह कमावला व तो देशाच्या कामी लावला. गोळेश्वरच्या मातीत आजही मुले पहाटे उठून आखाडा खणतात. त्यांच्यापैकी ज्याला आपल्या शरीराची मोजदाद प्रामाणिकपणे ठेवता येईल आणि उपकाराची जाणही राखता येईल, तो खाशाबांच्या परंपरेचा खरा वारस ठरेल.