सिकंदराच्या नाण्यावरचा चेहरा सिकंदराचा नाहीच, मग तो कोणाचा?

डोक्यावर सिंहाचं कातडं ओढलेला तरुण आणि मागच्या बाजूला हातावर गरुड घेऊन बसलेला देव. सिकंदराचं हे चांदीचं नाणं तुम्ही फोटोत पाहिलं असेल. पण तो तरुण सिकंदर नाही. तो आहे ग्रीक पुराणकथांमधला महावीर हेराक्लीस आणि मागचा देव म्हणजे त्याचा बाप झ्यूस.

सिकंदराचा जन्म इ.स.पू. ३५६ मध्ये मॅसिडोनियातल्या पेला इथं झाला. तिथलं राजघराणं स्वतःला हेराक्लीसचं वंशज म्हणवायचं. तेव्हा ग्रीक नगरांची ओळख त्यांच्या नाण्यांवर दिसायची. अथेन्सचं घुबड म्हणजे अथीना देवीचं चिन्ह. कॉरिंथचा होता पंखांचा घोडा पेगासस. थीब्झच्या नाण्यांवर ढाल असायची आणि काहींवर हेराक्लीस, कारण त्याचा जन्म थीब्झमधला मानला जायचा.

वयाच्या विसाव्या वर्षी सिकंदर राजा झाला. इ.स.पू. ३३५ मध्ये थीब्झनं बंड केलं, तेव्हा त्यानं शहर जमीनदोस्त करून हजारो लोकांना गुलाम म्हणून विकलं. हेराक्लीसचं जन्मगाव हेराक्लीसच्या वंशजानंच संपवलं!

पुढं पर्शियाचा प्रचंड खजिना हाती आला आणि मॅसिडोनियापासून बॅबिलोनपर्यंत त्याची नाणी पाडली जाऊ लागली. सुमारे १७ ग्रॅमच्या या नाण्याचं वजन अथेन्सच्या नाण्याच्या मापाचं होतं, त्यामुळे व्यापाऱ्यांना ते ओळखीचं होतं. हेराक्लीस आणि झ्यूस तर सगळ्याच ग्रीकांचे.

इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलोनला, अवघ्या ३२ व्या वर्षी सिकंदर गेला. त्यानंतर मात्र त्याचा स्वतःचा चेहरा नाण्यावर आला. इजिप्तमध्ये टॉलेमीनं त्याला हत्तीचं कातडं घातलं, ही भारताच्या मोहिमेची आठवण. लायसिमॅकसनं त्याच्या कानावर मेंढ्याचं शिंग दाखवलं. ते अ‍ॅमन देवाचं चिन्ह. इजिप्तच्या सिवा इथल्या मंदिरात सिकंदराला या देवाचा पुत्र मानलं गेलं होतं.

त्याच्या नावाची हेराक्लीसवाली नाणी अनेक ग्रीक नगरं पुढंही दोनेक शतकं पाडत राहिली. फक्त झ्यूसच्या शेजारी, कोपऱ्यात, ती आपलं छोटं चिन्ह टाकायची. ऱ्होड्सचं गुलाब, कायोसचा स्फिंक्स. एकेकाळी अख्खं नाणं व्यापणाऱ्या नगरचिन्हाला आता एवढीच जागा उरली होती.