भाऊसाहेब बांदोडकर : जनतेचा कौल मानणारा नेता

विद्यार्थी मित्रांनो, पणजीहून मिरामारकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी बहुतेकांच्या पायाखालचा आहे. त्या रस्त्याला दयानंद बांदोडकर यांचे नाव दिलेले आहे आणि तो जिथे समुद्राला भिडतो तिथे, मिरामारच्या किनाऱ्यावर, त्यांची समाधी आहे. सहलीला गेल्यावर आपण तिथे थांबतो, हात जोडतो आणि पुढे वाळूत खेळायला पळतो. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री एवढी त्यांची ओळख पाठ्यपुस्तकातून सर्वांना असते. परंतु त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपते. ती म्हणजे निवडणुकीचे निकाल त्यांनी कसे स्वीकारले. या लेखात मुख्यतः तीच गोष्ट सांगायची आहे.

पेडणे ते पणजी

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. त्यावेळी गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. आदल्याच वर्षी पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले होते व त्यामुळे गोव्यातील हिंदूंनाही काही नागरी हक्क मिळू लागले होते. पण हे वारे फार काळ टिकले नाही. पुढे सालाझारची हुकूमशाही आली आणि सभा, वृत्तपत्रे, भाषणे या सर्वांवर कडक बंधने आली. सर्वसामान्य माणसाने मत द्यावे आणि आपले सरकार निवडावे, ही कल्पनाच त्या राजवटीत नव्हती.

भाऊसाहेब श्रीमंत घरात जन्मले नव्हते. ते बहुजन समाजातून आले आणि स्वतःच्या हिमतीवर व्यापारात पुढे आले. खाण व्यवसायात त्यांनी जम बसवला व गोव्यातील मोठ्या खाणमालकांत त्यांची गणना होऊ लागली. पैसा आला तसा हातही सैल राहिला. शाळा, देवळे, खेळ, कलावंत, अडलेले विद्यार्थी यांना मदत करणारा माणूस म्हणून त्यांचे नाव खेडोपाडी पोहोचले. शिकारीची व खेळांची त्यांना मनापासून आवड होती. राजकारणात येण्याआधीच लोक त्यांना आपुलकीने भाऊ म्हणत.

पहिला निकाल : डिसेंबर १९६३

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. सुरुवातीला लष्करी प्रशासन आले, त्यानंतर नायब राज्यपालांचा कारभार सुरू झाला. १९६२ मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. पुढच्या वर्षी संसदेने केंद्रशासित प्रदेशांसाठी कायदा केला आणि गोवा, दमण व दीव यांना मिळून ३० जागांची विधानसभा मिळाली. त्यांपैकी २८ जागा गोव्याच्या होत्या, दमणची एक आणि दीवची एक.

त्या निवडणुकीत एकच प्रश्न सर्वांच्या तोंडी होता : गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे? विलीनीकरणाच्या बाजूने महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला. त्याची निशाणी सिंह होती व नेतृत्व भाऊसाहेबांकडे होते. गोव्याचे वेगळे अस्तित्व राखावे असे म्हणणारा युनायटेड गोवन्स पक्ष समोर होता. त्याचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा. तिसरा पक्ष काँग्रेस. गोवा मुक्त करणाऱ्या केंद्र सरकारचा हा पक्ष असल्यामुळे तोच जिंकणार असे अनेकांना वाटत होते.

९ डिसेंबर १९६३ रोजी मतदान झाले. ज्यांना पोर्तुगीज राजवटीत कोणी विचारले नव्हते अशी माणसे, म्हणजे कुळे, मुंडकार, खाणीवरचे मजूर, रापणकार, घरातल्या बायका, रांगेत उभी राहिली. भाटकाराचे मत एक आणि त्याच्या कुळाचे मतही एक, हे गोव्याने प्रथमच पाहिले.

निकाल लागला तेव्हा मोठमोठे अंदाज चुकले. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष व त्याच्या पाठिंब्याने निवडून आलेले सदस्य मिळून १६ झाले. युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. गोव्याच्या २८ जागांपैकी एकही काँग्रेसच्या वाट्याला आली नाही. लोकसभेच्या दोन्ही जागाही विलीनीकरणाच्या बाजूने गेल्या. एका जागी मुकुंद शिंक्रे निवडून आले, तर दुसऱ्या जागी प्रजा समाजवादी पक्षाचे पीटर आल्वारिस. पीटर आल्वारिस हे ख्रिस्ती समाजातील स्वातंत्र्यसैनिक होते. म्हणजे विलीनीकरणाची बाजू एकाच धर्माची होती असे म्हणणे बरोबर नाही, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

तीस जणांच्या सभागृहात बहुमताला १६ लागतात. भाऊसाहेबांकडे बरोबर तेवढेच होते. २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मंत्रिमंडळ अवघे तिघांचे होते. भाऊसाहेबांबरोबर विठ्ठल करमळी आणि टोनी फर्नांडिस हे दोन मंत्री होते. सभापतिपदी स्वातंत्र्यसैनिक पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर यांची निवड झाली.

गावोगावी शाळा

पोर्तुगीज काळात मराठी शिक्षण चालले ते लोकांच्या जिवावर. देवळाच्या सभामंडपात किंवा कोणाच्या तरी ओसरीवर शाळा भरायची, गावकरी वर्गणी काढून मास्तरांना पगार द्यायचे. आपल्यासारख्या अनेक जुन्या मराठी संस्थांची मुळे त्या ओसऱ्यांत आहेत हे आपल्या विश्वस्तांना वेगळे सांगायला नको. भाऊसाहेबांच्या सरकारने गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा काढण्याचा सपाटा लावला. त्यांतील बहुसंख्य मराठी माध्यमाच्या होत्या. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाटीला हात लावला नव्हता, त्या घरची मुले शाळेत जाऊ लागली. आज आपल्या पालकांत शिक्षक, परिचारिका, अभियंते, सरकारी अधिकारी आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरातील पहिला साक्षर माणूस याच शाळांतून बाहेर पडला.

दुसरे मोठे काम कुळांचे. १९६४ मध्ये कूळ कायदा झाला. जमीन कसणाऱ्याला भाटकाराच्या मर्जीवर शेतातून उठवता येऊ नये आणि खंडावर मर्यादा असावी, हा त्याचा गाभा. ज्या माणसाने मत दिले त्याला त्या मताचे काहीतरी फळ मिळाले असे या दोन कामांनी लोकांना वाटले. पुढच्या निकालांचा अर्थ लावताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

दुसरा निकाल : १६ जानेवारी १९६७

सत्ता आली तरी मूळ प्रश्न तसाच होता. १९६५ च्या जानेवारीत गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. विरोधकांचे म्हणणे असे, की सरकार निवडणे ही एक गोष्ट आणि आपला प्रदेश कायमचा दुसऱ्या राज्यात मिळवणे ही दुसरी. त्यासाठी लोकांना थेट विचारले पाहिजे. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाने शेजारच्या राज्यात विलीन व्हावे का, हे अशा रीतीने लोकांना विचारल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

मुख्यमंत्री स्वतः एका बाजूचे पुढारी असताना त्यांच्याच हाताखालच्या यंत्रणेने हा कौल कसा घ्यायचा, असा आक्षेप आला. तेव्हा भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीखाली कौल घेण्याचे ठरले. मुदत संपायला फार दिवस उरले नव्हते हे खरे. तरीही ऐन लढाईच्या तोंडावर हातातली सत्ता खाली ठेवणे सोपे नसते.

प्रचार अटीतटीचा झाला. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने अशा निशाण्या होत्या. दैनिक गोमन्तक विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते, तर दैनिक राष्ट्रमत विरोधात. दोन्ही पत्रे मराठीच! मराठीवर प्रेम करणारे सगळेच फुलाच्या बाजूला आणि कोंकणीवर प्रेम करणारे सगळेच दोन पानांच्या बाजूला, अशी सरळ वाटणी नव्हती. एका घरात दोन मते होती, एका देवळाच्या आवारात दोन सभा होत होत्या. आपली भाषा व संस्कृती सह्याद्रीपलीकडच्या भावंडांशी एक आहे असे काहींना वाटे. मोठ्या राज्यात गेल्यावर आपला छोटासा प्रदेश कोपऱ्यात पडेल, कोंकणी मागे राहील, नोकऱ्या जातील, महाराष्ट्रातली दारूबंदी इथल्या रेंदेरांच्या पोटावर येईल, अशी काळजी इतरांना वाटे. दोन्ही बाजूंची माणसे गोव्यावरच प्रेम करत होती.

मतदार होते ३,८८,४३२. त्यांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले, म्हणजे शेकडा ८१ हून अधिक. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि विरोधात १,७२,१९१. भाऊसाहेबांची बाजू ३४,०२१ मतांनी हरली.

ज्या ध्येयासाठी पक्ष काढला, पक्षाच्या नावातच जे ध्येय होते, ते लोकांनी नाकारले. गोव्यात हिंदू मतदार बहुसंख्य होते, तेव्हा भाऊसाहेबांच्या स्वतःच्या मतदारांपैकीही बऱ्याच जणांनी दोन पानांवर शिक्का मारला हे उघड होते. विलीनीकरणाची स्वप्ने पाहिलेल्या अनेक घरांत तो दिवस सुतकासारखा गेला. ती हळहळ आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पुढे कितीतरी वर्षे बोलून दाखवली. पलीकडच्या बाजूला मात्र गोव्याची अस्मिता राखली गेली म्हणून आनंद झाला आणि १६ जानेवारी हा दिवस अस्मिता दिन म्हणून आजही पाळला जातो.

तिसरा निकाल : मार्च १९६७

अशा वेळी हरलेला नेता काय करतो? कोणी राजकारण सोडतो, कोणी निकालच खोटा म्हणतो, कोणी अनुयायांना रस्त्यावर उतरवतो. भाऊसाहेब पुन्हा लोकांकडे गेले. २८ मार्च १९६७ रोजी विधानसभेची निवडणूक झाली. जनमत कौलाला जेमतेम दहा आठवडे झाले होते. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आता संपला असे म्हणणाऱ्यांना मतदारांनी उत्तर दिले. पक्षाला १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्स पक्षाला १२. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले.

दहा आठवड्यांत त्याच मतदारांनी दोन उलट निकाल दिले असे वरवर पाहता वाटते. पण नीट विचार केला तर त्यात विसंगती नाही. जानेवारीत प्रश्न होता गोवा कुठे असावा हा. मार्चमध्ये प्रश्न होता गोव्याचा कारभार कोणी पाहावा हा. शेतात राबणाऱ्या, कित्येकदा सही न येणाऱ्या माणसांनी हे दोन प्रश्न वेगळे केले. भाऊ, तुमचा विचार आम्हाला पटला नाही, पण तुमचे काम आम्हाला हवे, असाच त्याचा अर्थ होता. आणखी एक गंमत पाहा. गोव्याला आपला कारभार आपण पाहता येतो, आपल्या गावात शाळा येते, कुळाला कायद्याचा आधार मिळतो, हे लोकांनी तीन वर्षे भाऊसाहेबांच्याच राज्यात अनुभवले होते. वेगळे राहिलो तरी आपले चालेल हा विश्वास त्यांच्याच कारभाराने दिला असे म्हटले तर चुकीचे ठरणार नाही.

जो प्रदेश वेगळा राहू नये म्हणून भाऊसाहेब झटले, त्याच प्रदेशाचा कारभार त्यांनी पुढे सहा वर्षे निष्ठेने पाहिला. १९७० मध्ये त्यांच्याच पक्षातील काही आमदारांनी बंड केले. तेव्हा विरोधी बाकांवरच्या काही सदस्यांच्या मदतीने त्यांचे सरकार तरले. त्याच वर्षी कला अकादमीची स्थापना झाली. १९७२ च्या निवडणुकीत मतदारांनी त्यांच्या पक्षाला १८ जागा दिल्या व युनायटेड गोवन्स पक्ष १० वर आला. तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झालेल्या भाऊसाहेबांचे १२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झाल्या. गोव्याच्या त्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाला.

आपण काय घ्यावे?

भाऊसाहेबांचे सगळेच निर्णय बरोबर होते असे कोणी म्हणणार नाही. विलीनीकरणाविषयी तर आजही घराघरात दोन मते ऐकू येतात, आणि ती तशी असायला हरकत नाही. परंतु ज्या लोकांनी आपल्याला निवडून दिले तेच आपल्याला नकोही म्हणू शकतात, आणि त्यांचे दोन्ही निकाल सारखेच मानायचे असतात, ही गोष्ट त्यांनी आचरून दाखवली. डॉ. सिक्वेरा यांनीही विधानसभेत हरल्यावर विरोधी पक्षनेत्याचे काम नेटाने केले. दोघे समोरासमोर बसले, भांडले, पण सभागृह सोडून गेले नाहीत. म्हणूनच अवघ्या पाच-सहा वर्षांच्या वयाची गोव्याची लोकशाही एवढा मोठा वाद पचवू शकली.

शाळेत वर्गप्रतिनिधीची निवड होते, स्नेहसंमेलनात स्पर्धा होतात, संस्थेच्या सभेत मतदान होते. कोणीतरी जिंकतो, कोणीतरी हरतो. हरलेला दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन फळा पुसायला मदत करतो की महिनाभर अबोला धरतो, यावरून त्या वर्गाची पारख होते. मुलांनो, पुढच्या वेळी मिरामारला गेलात की समाधीपाशी दोन मिनिटे जास्त थांबा आणि जिंकलेल्या निवडणुकांबरोबर त्या ३४,०२१ मतांचीही आठवण ठेवा.