गॉर्डन हॉल : युद्धकाळातील सुवार्तिक

आमचे मंचेरियल गोदावरीच्या काठी आहे. याच नदीच्या वरच्या अंगाला, नाशिक येथे, मराठी मुलखातील पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी एकाने आपल्या सेवेचे शेवटचे दिवस घालविले. त्यांचे नाव रेव्हरंड गॉर्डन हॉल. मिशनच्या इतिहासात त्यांचे नाव आपण अनेकदा ऐकले आहे. परंतु दोन राष्ट्रांच्या भांडणात सापडूनही त्यांनी येथे पाय कसा रोवला, हे फारसे सांगितले जात नाही.

हॉल यांचा जन्म १७८४ साली मॅसॅच्युसेट्स प्रांतातील टॉलंड या गावी झाला. विल्यम्स कॉलेजातून ते १८०८ साली पदवीधर झाले. दिनांक ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे त्यांना व त्यांच्या चार सोबत्यांना दीक्षा मिळाली, आणि त्याच महिन्यात ते फिलाडेल्फियाहून जहाजाने हिंदुस्थानास निघाले.

त्यावेळी अमेरिकेचे प्रजासत्ताक अवघे तीस-पस्तीस वर्षांचे होते, आणि परराष्ट्रधोरणावरून त्यात दोन तट पडले होते. इंग्लंड व फ्रान्स यांचे युद्ध चालू होते. इंग्रज आरमार अमेरिकन जहाजे अडवी आणि खलाशांना बळजबरीने आपल्या चाकरीत घेई. अध्यक्ष मॅडिसन यांचा रिपब्लिकन पक्ष यामुळे संतापला होता. उलट, फेडरलिस्ट पक्षाला इंग्लंडशी सलोखा व व्यापार हवा होता. या पक्षाचे बळ न्यू इंग्लंडमध्ये होते, आणि हॉल यांना पाठविणाऱ्या मंडळ्याही तेथल्याच. दिनांक १८ जून १८१२ रोजी अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले. प्रतिनिधिगृहात ७९ मते बाजूने, तर ४९ विरुद्ध पडली. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर केलेब स्ट्राँग यांनी या युद्धाबद्दल दुःख मानून जुलैमध्ये उपास व प्रार्थनेचा दिवस पाळावयास लावला. अध्यक्ष मॅडिसन यांनी ऑगस्टमध्ये प्रार्थनेचा दिवस नेमला. एकाच देवापुढे दोन्ही तट गुडघे टेकीत होते, पण त्यांची मने जुळत नव्हती.

हॉल त्यावेळी समुद्रावर होते. ऑगस्टमध्ये ते कलकत्त्यास उतरले, तेव्हा ते शत्रुराष्ट्राचे नागरिक झालेले होते. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी मुळातच नकोसे असत. त्यात आता हेरगिरीच्या संशयाची भर पडली. त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला. तरीही हॉल व त्यांचे सोबती सॅम्युएल नॉट यांनी मुंबईचे जहाज गाठले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईत उतरले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी त्यांना सौजन्याने वागविले. परंतु त्यांना इंग्लंडला धाडून द्यावे असा वरून हुकूम होता, आणि नेपियन यांचे हात बांधलेले होते.

नोव्हेंबर १८१३ मध्ये दोघेही सिलोनास जाण्याच्या इराद्याने गुपचूप किनाऱ्यावरील जहाजाने निघाले. कोचीन येथे त्यांना पकडून मुंबईस परत आणण्यात आले. त्यांचे हे करणे गव्हर्नरसाहेबांना विश्वासघातासारखे वाटले. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाने असे निघून जावे काय, हा प्रश्न आम्हालाही सोपा वाटत नाही. यावर हॉल यांनी गव्हर्नरांना पत्र लिहून आपली भूमिका मांडली. ती थोडक्यात अशी : आपण राजकारणासाठी आलेलो नाही, सर्व राष्ट्रांस सुवार्ता सांगण्याची आज्ञा ज्याने दिली त्याचा अधिकार प्रत्येक सरकारच्या वर आहे, आणि गव्हर्नर स्वतः ख्रिस्ती असल्याने त्यांनाही याचा जाब त्या प्रभूपुढे द्यावा लागेल. नम्रता न सोडता लिहिलेल्या या पत्राने काम केले. रवानगी थांबली. लंडनमध्ये कंपनीचे एक संचालक चार्ल्स ग्रँट यांनी त्यांची बाजू घेतली, आणि पुढे त्यांना राहण्याची परवानगी मिळाली. १८१३ च्या नव्या सनदेने मिशनऱ्यांचा मार्ग मोकळा केलाच होता. डिसेंबर १८१४ मध्ये गेंट येथे दोन्ही राष्ट्रांचा तह झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फेडरलिस्टांच्या प्रांतातून आल्याचे सांगून, आपण इंग्रजांचे मित्र आहोत अशी बतावणी हॉल यांना करता आली असती. त्यांनी आपल्या बचावाचा पाया पक्षावर घातला नाही, ख्रिस्ताच्या आज्ञेवर घातला.

पुढची बारा वर्षे त्यांनी मराठी शिकून बाजारात, देवळांजवळ, खेडोपाडी उपदेश केला, शाळा चालविल्या, छापखाना आल्यावर पुस्तिका लिहिल्या आणि नव्या कराराच्या मराठी भाषांतरात मोठा वाटा उचलला. १८१६ साली मुंबईतच मार्गारेट लुइस या इंग्रज बाईंशी त्यांचा विवाह झाला. दोन राष्ट्रांच्या लढाईनंतर अवघ्या दोन वर्षांत एका घरात दोन्ही राष्ट्रे प्रार्थनेला एकत्र बसू लागली.

मार्च १८२६ मध्ये ते नाशिकला गेले. तेथे पटकीची साथ भयंकर पसरली होती. जवळचे औषध त्यांनी रोग्यांना वाटले. परतीच्या वाटेवर त्यांना स्वतःला पटकीने गाठले, आणि २० मार्च रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. पत्नी व मुले तेव्हा अमेरिकेच्या वाटेवर गेलेली होती. जवळ फक्त दोन तरुण सोबती होते. त्याच वर्षी मिशनच्या मराठी नव्या कराराची छपाई पूर्ण झाली.

निवडणुका आल्या की आपल्या मंडळ्यांतही तट पडतात. एका बाकावर बसणारे एकमेकांना हस्तांदोलन करीनासे होतात. ख्रिस्ती माणूस परक्यांचा, असा टोमणाही अधूनमधून कानी येतो. हॉल यांनी देश नाकारला नाही, सरकारचा अपमान केला नाही, आणि पक्षाला प्रभूच्या जागी बसविले नाही. साथीच्या दिवसांत तर त्यांनी रोग्याची जात किंवा राष्ट्र विचारले नाही. मत कोणाला द्यावे याविषयी आपण खुशाल वेगवेगळे असावे. पण प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येताना ते वेगळेपण दाराबाहेर ठेवावे, एवढे तरी आपण त्यांच्याकडून शिकू या.